एफआय बाईकचा स्लो वर-खाली होतोय? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने बघा

सिग्नलला गाडी उभी, हात ॲक्सिलरेटरवर नाही, म्हणजे गाडी स्लोला (आयडलिंगवर), आणि तरी मीटरवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ११०० वरून १८०० ला जातोय, धपकन खाली येतोय, परत वर. कधी त्यातच गाडी बंद पडते आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात. एप्रिल २०२० ला बीएस६ (प्रदूषणाचे नवे नियम) आल्यापासून जवळपास सगळ्याच बाईक एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) झाल्या, त्यामुळे हा त्रास आता स्प्लेंडरवाल्यालाही होतो आणि ड्यूकवाल्यालाही, आणि दोघांना गॅरेजमधे ऐकायला एकच मिळतं, "सेन्सर गेलाय". माझ्या १६० सीसीच्या गाडीला एका ठिकाणी बघताक्षणी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदला म्हणून सांगितलं होतं, निघाली काय तर रबराला चीर. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, साध्या आणि फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी. क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायरीवरचं निदान मागची पायरी नीट झाली असेल तरच खरं ठरतं.

आधी दोन मिनिटं: हे का होतं?

कार्ब्युरेटरच्या गाडीत स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवला की विषय संपायचा. एफआयमधे इंजिनात किती हवा आली याचा अंदाज ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) घेतो, त्यासाठी मॅप सेन्सर (इनटेकमधलं प्रेशर), टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे) आणि हवेचं नि इंजिनाचं तापमान सांगणारे सेन्सर असतात, आणि त्या हिशोबाने इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किती मिलिसेकंद उघडायचा ते तो ठरवतो. आता समजा कुठूनतरी जादा हवा घुसली. आरपीएम वाढला. ईसीयूला काय दिसतं, थ्रॉटल पूर्ण बंद आहे आणि तरी आरपीएम वर आहे, म्हणजे गाडी उतारावर गिअरमधे चालली असणार, मग पेट्रोल कशाला द्या? तो इंजेक्टर बंद करतो. आरपीएम पडतो, एका मर्यादेखाली आला की पेट्रोल परत चालू, परत वाढतो, परत बंद. हे जे लयीत वर-खाली चालतं त्याला हंटिंग म्हणतात आणि यात ईसीयू त्याचं काम बरोबर करत असतो, चूक दुसरीकडे असते.

नॉर्मल किती ते पण बघून घ्या नाहीतर नसलेला आजार शोधत बसाल. थंड गाडी सकाळी १८००-२००० वर धावणं आणि मिनिट-दोन मिनिटांत खाली येणं हे ठीक आहे, ईसीयू मुद्दाम तसं करतो. गरम झाल्यावर १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्या १३०० ते १५०० च्या आसपास राहतात, ३५० सीसीच्या रॉयल एनफिल्ड त्याहून बऱ्याच खाली आणि ड्यूक ३९० सारख्या गाड्या त्याहून वर. नेमका आकडा मॅन्युअलमधे असतो. ५०-१०० आरपीएमची थरथर म्हणजे प्रॉब्लेम नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- गाडीचं मॅन्युअल, वॉरंटीचे कागद, मागच्या सर्व्हिसचे जॉब कार्ड
- मागच्या दोन पीयूसी पावत्या (हो, खरंच, पुढे कळेल)
- साधा डिजिटल मल्टीमीटर, स्वस्तातला चालतो
- एलन की सेट, पान्यांचा सेट, प्लग पाना, फीलर गेज
- स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी
- थ्रॉटल बॉडी क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर, तंतू न सुटणारं फडकं, टॉर्च
- असेल तर ब्लूटूथ ओबीडी डोंगल (ईसीयूमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं) आणि बाईकचा ६ पिनचा ॲडॉप्टर

वॉरंटी चालू असेल तर पायरी १ ते ३ आणि ६ घरी करा, चौथीतलं फक्त डोळ्यांनी आणि बोटांनी बघण्यापुरतं करा, बाकीच्यासाठी पाना लावू नका. सील तुटलेलं दिसलं की क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं.

पायरी १: कधी होतंय ते लिहून काढा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी आणि सगळ्यात जास्त कामाची. दोन-तीन दिवस मोबाईलवर नोंद ठेवा, व्हिडिओ पण काढा कारण सर्व्हिस सेंटरला गेल्यावर गाडी हटकून शहाण्यासारखी वागते. नोंदीचा अर्थ साधारण असा लावायचा:

थंड असतानाच होतं, गरम झाल्यावर बंद होतं: आयडल एअर व्हॉल्व्ह (स्लोला लागणारी हवा कमी-जास्त करणारा) किंवा इंजिन टेम्परेचर सेन्सर.

गरम झाल्यावरच होतं: टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) टाईट, इनटेकच्या रबराची चीर गरमीने उघडणं, किंवा इग्निशन कॉइल.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम वरच अडकतो आणि मग हळूहळू उतरतो: हवेची गळती किंवा केबल.

हँडल वळवलं की बदलतो: केबल, नाहीतर हँडलपाशी दबलेली वायर.

ब्रेक लाईट, इंडिकेटर, हॉर्न लावला की पडतो: बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग.

टाकी फुल केल्यावरच: कॅनिस्टर (टाकीतली वाफ साठवणारा डबा). पाऊस किंवा वॉशिंगनंतर: कपलरमधे (वायरींच्या जोडात) पाणी.

आणि एक्झॉस्ट, एअर फिल्टर, तो छोटा फ्युएल ट्यूनरचा डबा असं काही बाहेरचं बसवलं असेल तर ते आधी काढून कंपनीचं लावा, मग बोलू. बऱ्याच जणांचा शोध इथेच संपतो आणि ते मान्य करायला जीवावर येतं.

पायरी २: बॅटरी आणि अर्थिंग

एफआय गाडीत बॅटरी फक्त सेल्फसाठी नसते. टाकीतला पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळं तिच्यावर. व्होल्टेज हलला की इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ बदलतो आणि स्लोला, जिथे पेट्रोल थेंबभरच द्यायचं असतं, तो फरक लगेच दिसतो.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी मोजा, १२.६ च्या वर असेल तर मस्त, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून परत बघा. सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. गाडी चालू, थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५. याच्या खाली असेल तर रेग्युलेटर किंवा स्टेटरकडे (चार्जिंगचे भाग) बघा, आणि १५ च्या वर जात असेल तर गाडी चालवूच नका, ईसीयू जाईल.

मग टर्मिनल. सैल आहे का हाताने हलवून बघा, पांढरी पावडर असेल तर घासा. इंजिनाला किंवा चेसिसला जाणारी अर्थची वायर शोधा, बोल्ट काढा, खालचा रंग किंवा गंज घासून परत आवळा. बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉकच्या मधे गाडी चालू असताना व्होल्टेज मोजा, जवळपास शून्य यायला हवं. ०.२ च्या वर येत असेल तर अर्थिंग कच्चं आहे.

बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्या शिकलेल्या सेटिंग्ज विसरतात आणि थोडा वेळ वेगळ्याच वागतात, घाबरू नका. पण उलटं पण लक्षात ठेवा, बॅटरी काढून लावल्यावर एक दिवस बरी चालली म्हणजे ती बरी झाली असं नाही.

पायरी ३: ॲक्सिलरेटर केबल

ग्रिपवर २ ते ६ मिमी प्ले (मोकळी हालचाल) हवा, नेमकं मॅन्युअलमधे. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम हलला तर केबल ताणली जातेय. हँडल बदललेलं, रायझर लावलेले, मोबाईल होल्डरवाल्याने केबल झिप टायने बांधून टाकलेली, अशा ठिकाणी हमखास. राइड बाय वायर (थ्रॉटल मोटरने उघडणाऱ्या) गाड्यांत केबलच नसते, ही पायरी सोडा.

पायरी ४: हवेची गळती

जुन्या झालेल्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा माझ्या मते हा नंबर एकचा गुन्हेगार आहे आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा पण, कारण स्कॅनरला तो थेट दिसत नाही. चीर पडलेल्या रबराला कोड (स्कॅनरवर येणारा दोषाचा आकडा) नसतो.

बघायची ठिकाणं: थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामधला इनटेक पाईप किंवा रबर, त्याची गॅस्केट नाहीतर ओ रिंग, इंजेक्टरची ओ रिंग, मॅप सेन्सरची नळी (वेगळी असेल तर), कॅनिस्टरकडून येणारी नळी आणि तिच्या जोडावरचं टोपण. एअर फिल्टरकडचं रबर पण बघा, पण तिथल्या गळतीने स्लो सहसा हलत नाही, तिथून धूळ जाते.

रबर नुसतं बघून कळत नाही. वरून काळंभोर, नवं दिसतं. अंगठ्याने दाबून एका बाजूला वाकवा आणि टॉर्च तिरका मारा, क्लॅम्पच्या अगदी कडेला केसाएवढी रेघ उघडते, आणि तिच्या आतल्या कडेला बारीक करडी धूळ बसलेली असते. ही धूळ म्हणजे पुरावा, तिथून हवा आत ओढली जात होती. अंगठा सोडला की रेघ परत मिटते. माझ्या गाडीत खालच्या बाजूला, इंजिनाकडे तोंड करून होती, वरून बघणाऱ्याला दिसणं शक्यच नाही.

टेस्ट: इंजिन स्लोला चालू ठेवा, साबणाचं पाणी बारीक फवाऱ्याने एकेका जोडावर मारा, दोन फवाऱ्यांच्या मधे पाच-दहा सेकंद थांबा. ज्या जागी मारल्यावर आरपीएम क्षणभर बदलतो किंवा पाणी आत ओढलं गेल्यासारखं दिसतं तिथे गळती. कॉइल आणि कपलरवर मारू नका.

व्हिडिओंमधे हीच टेस्ट कार्ब क्लीनर फवारून करतात. ते पेटतं, आणि फूटभरावर तापलेला एक्झॉस्ट पाईप आहे. बंद पार्किंगमधे तर अजिबात नको.

क्लॅम्प सैल असेल तर आवळा, पण जीव काढून नाही, रबर कापलं जातं. चीर असेल तर रबर बदला. एम सीलने, टेपने बुजवलेलं आठवडाभर टिकतं आणि मग तुटलेला तुकडा आत ओढला जायची भीती. आणि पार्किंगमधे उंदीर असतील तर बारीक नळ्या टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून बघा, उंदरांना त्या फार आवडतात.

पायरी ५: थ्रॉटल बॉडी साफ करणं

स्लोला हवा बटरफ्लायच्या (थ्रॉटल बॉडीतल्या झडपेच्या) कडेच्या बारीकशा फटीतून आणि एका बायपास वाटेने येते. क्रँककेसच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते, तिच्यावर धूळ बसते आणि तिथे काळा चिकट थर जमतो. फट बुजली की स्लो पडतो, ईसीयू आयडल व्हॉल्व्ह उघडून भरपाई करायला जातो, आणि व्हॉल्व्हच चिकटलेला असेल तर त्याची हालचाल अडखळत होते, मग आरपीएम डोलायला लागतो. एअर फिल्टर उघडलेलाच असतो तर तोही बघून घ्या, आणि फिल्टर बॉक्समधे तेल साचलेलं दिसलं तर इंजिन ऑइल जास्त भरलं आहे का ते तपासा.

साफ करताना इग्निशन बंद, क्लीनर फडक्यावर मारा आणि फडक्याने पुसा. थेट आत फवारू नका, सेन्सरमधे जातं. काही थ्रॉटल बॉडींना आतून कोटिंग असतं आणि कंपनी स्वतः सांगते की क्लीनर लावू नका, मॅन्युअलमधे तसं असेल तर ऐका. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर नाही. राइड बाय वायरमधे बटरफ्लाय बोटाने ढकलायचा नाही, आतले प्लास्टिकचे गिअर असतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. बटरफ्लायला टेकलेला एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक वेळा त्यावर रंगाचा ठिपका. त्याला हात लावायचा नाही. तो स्लोचा स्क्रू नाही, थ्रॉटल बंद म्हणजे किती हे ठरवणारा स्टॉप आहे, टीपीएसचं शून्य त्यावर अवलंबून असतं. तो फिरवून स्लो वाढवून देणारे बरेच भेटतात, त्या दिवशी गाडी छान चालते, मग ईसीयूला थ्रॉटल बंद झाल्याचं कळतच नाही आणि एका दुखण्याची दोन होतात. ठिपका तुटलेला दिसला तर समजा आधी कोणीतरी येऊन गेलंय. काही मॉडेलमधे हवेचा वेगळा बायपास स्क्रू खरंच असतो, तो मॅन्युअल सांगेल तेवढाच फिरवायचा.

साफसफाईनंतर स्लो काही वेळ जास्त राहतो, मग ईसीयू जुळवून घेतो. पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी, ३९० वाले गाडी हात न लावता पंधरा मिनिटं स्लोला ठेवतात ते यासाठीच.

पायरी ६: पेट्रोल आणि टाकी

इग्निशन ऑन केल्यावर टाकीतून दोनेक सेकंद घूंऽ असा आवाज यायला हवा. तो दमलेला, तुटक येत असेल तर पंप किंवा त्याची वायरिंग.

पेट्रोलमधे आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, आणि पंप तळातूनच खेचतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे बघायचं म्हणजे बघायचंच. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. एफआयची पेट्रोल लाइन मात्र घरी ओढून काढू नका, पंप चालू असताना तिच्यात साधारण ३ बार प्रेशर असतं आणि इग्निशन बंद केल्यावरही बराच वेळ राहतं.

कॅनिस्टरचं: बीएस६ गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवतात आणि तिथून इंजिनाला पाजतात. नोझल क्लिक झाल्यावरही "अजून टाक, गळ्यापर्यंत" करणाऱ्यांच्या डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच जातं, मग स्लोला मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होऊन गाडी घुटमळते आणि पेट्रोलचा वास येतो. गळ्यापर्यंत भरणं बंद करा आणि एक-दोन टाक्या जाऊ द्या, बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

पायरी ७: प्लग आणि टॅपेट

प्लग काढून बघा. काळा काजळीसारखा म्हणजे रिच, एकदम पांढरा म्हणजे लीन (पेट्रोल कमी), चॉकलेटी म्हणजे ठीक. गॅप मॅन्युअलप्रमाणे.

टॅपेट टाईट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन इनटेकमधे परत फुटतं, मॅप सेन्सरला वाटतं लोड वाढलाय आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. टाईट टॅपेट आवाज करत नाही ही त्यातली गंमत, लोक आवाज येणाऱ्या टॅपेटच्या मागे लागतात आणि गप्प बसलेला त्रास देत राहतो. इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभं राहिल्यावरच मोजायचं. जमत नसेल तर गॅरेजला संध्याकाळी गाडी ठेवून सकाळी करायला सांगा, चालवत नेली आणि लगेच सेटिंग केलं तर ते सेटिंग नाही.

इथे पीयूसी पावत्या काढा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मागच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल तर गाडी रिच चाललीय. सीओ कमी पण एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त असेल तर मिसिंग होतंय, म्हणजे लीन किंवा स्पार्कचा घोळ.

पायरी ८: चेक लाईट आणि स्कॅन

मीटरवर इंजिनाचा चेक लाईट नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका, आणि लाईट आहे म्हणजे तो पार्ट गेला असंही नाही. कोड त्या सर्किटबद्दल सांगतो, त्यात वायर आणि कपलर पण येतात. होंडाच्या ब्लिंक कोडवाल्या गाड्यांत लांब ब्लिंक म्हणजे १० आणि छोटा म्हणजे १. त्यात १ मॅप सेन्सर, ७ इंजिन टेम्परेचर, ८ टीपीएस, ९ हवेचं तापमान, १२ इंजेक्टर, २१ ओ२ सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), २९ आयडल एअर व्हॉल्व्ह. बाकी कंपन्यांचे आकडे वेगळे, एकाचे दुसऱ्याला लावू नका.

कोड आला की आधी तो कपलर उघडा. पिनेवर हिरवट-पांढरी पावडर, किंवा चार पिनांतली एक अर्धी मागे सरकलेली, एवढंच असतं बऱ्याचदा, विशेषतः प्रेशर वॉशर मारणाऱ्यांच्या गाडीत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, टक असा आवाज येईपर्यंत बसवा.

डोंगल चालत असेल (सगळ्या गाड्यांवर चालत नाही) तर हे आकडे बघा:

- सकाळी थंड गाडी, इग्निशन ऑन: इंजिनाचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. एक २८ आणि दुसरं ५ दाखवत असेल तर चोर सापडला.
- इंजिन बंद असताना मॅप म्हणजे बाहेरच्या हवेचं प्रेशर. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात ८० दाखवत असेल तर सेन्सरवर शंका घ्या. इंजिन चालू केल्यावर आकडा बराच खाली यायला हवा.
- फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमधे करत असलेली टक्क्यांतली वाढ-घट) स्लोला +१० च्या वर आणि ४००० आरपीएमला शून्याजवळ: हवेची गळती, पायरी ४ ला परत जा. दोन्हीकडे जास्त असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा पेट्रोलचा फिल्टर.

सायलेन्सरचा जोड ओ२ सेन्सरच्या आधी फुसफुसत असेल तर सेन्सरला बाहेरची हवा मिळते आणि तो उगाच लीन सांगतो, त्यामुळे ओ२ बदलण्याआधी ती गॅस्केट बघा.

पायरी ९: सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं

"स्लो प्रॉब्लेम" एवढंच जॉब कार्डवर लिहू देऊ नका, नाहीतर स्क्रू फिरवून गाडी परत येते. "गरम झाल्यावर दहा मिनिटांनी ११०० ते १८०० होतो, बॅटरी १२.७, केबल तपासली, व्हिडिओ दाखवला" असं लिहून घ्या. बंद थ्रॉटलला टीपीएस किती दाखवतोय ते स्कॅनरवर स्वतः बघायला मागा. इंजेक्टर क्लीनिंग पहिल्याच वाक्यात सुचवलं तर इनटेकची गळती तपासली का एवढं विचारा.

सेन्सर बदलायचाच ठरला तर जमल्यास आधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा लावून बघायला सांगा, इलेक्ट्रिक पार्ट बहुतेक परत घेत नाहीत. गाडी ताब्यात घेताना इंजिन गरम असू द्या, पाच मिनिटं उभी करून स्लो बघा, हँडल वळवून बघा, ब्रेक लाईट लावून बघा, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.